वरच्या दोन ओळी

माणदेशातल्या एका माळावरच्या गावात शालन मदने नावाची एक बाई राहत होती. "हे तुला जमायचं नाही" असं तिला कोणी म्हटलं, की ते काम तिच्या हातून होणार हे गावाने धरूनच चालावं. पस्तिशीत ती सायकल शिकली. दोन्ही गुडघे फोडून घेतले, पण शिकली. चाळिशीत ट्रॅक्टर शिकली. आणि पंचेचाळिसाव्या वर्षी, डोळ्यांना चष्मा लागल्यावर, ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. हट्टी माणसं आजूबाजूच्यांना फार छळतात, पण बरीचशी अडलेली कामंही त्यांच्याच हातून होतात.

हे शिक्षण तिने घेतलं ते कोंबड्यांपायी. आदल्या वर्षी त्या भागात मानमोडीचा रोग आला आणि आठ दिवसांत गावातली खुराडी ओस पडली. बाजारातून आणलेली पांढरी पिलं माळावरच्या उन्हात जगेनात. माळावर निभाव लागायचा तो फक्त इथल्या डोंगरी कोंबडीचा. अंगाने लहान, पायांनी काळी, घारीला चकवणारी आणि दगडाखालचे किडे शोधून स्वतःचं पोट स्वतः भरणारी. ही जात आता एकाच ठिकाणी उरली होती. गावापासून कोसभर लांब, टेकडीवरच्या एकुलत्या घरात, झिमाबाई कोळेकर नावाच्या म्हातारीकडे. घर एकटं पडलेलं म्हणून रोग तिथवर पोचला नव्हता.

झिमाबाईकडे नऊ तलंगा होत्या आणि एक कोंबडा. तलंग म्हणजे नुकती अंड्यांवर आलेली कोंबडी. ती अंडी घालते, पण खुडूक होऊन एकवीस दिवस अंड्यांवर बसून राहण्याइतकी पोक्त ती झालेली नसते. झिमाबाईच्या तलंगा चार दिवस बसायच्या आणि पाचव्या दिवशी उठून चरायला जायच्या. अंडी गार पडायची. दुसऱ्या गावातून खुडूक कोंबडी आणावी, तर तिच्यासोबत रोगही यायची भीती. म्हणजे अंडी होती, अंड्यांत जीव होता, फक्त ऊब द्यायला कोणी नव्हतं.

शालनने हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात अंडी उबवायची पेटी शिरली. त्याच सुमारास तालुक्याच्या गावी एका प्रशिक्षण केंद्रात बायकांसाठी बारा दिवसांचा वर्ग निघाला होता. तळहाताएवढ्या यंत्राला हुकूम कसे लिहून द्यायचे, हे तिथे शिकवत आणि शेवटी प्रत्येकीने घरच्या उपयोगाची एक वस्तू करून दाखवायची असा नियम होता. कुणी टाकी भरली की वाजणारी घंटा केली, कुणी अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा केला. शालनने घरातलं जुनं लाकडी कपाट घेतलं, त्यात एक बल्ब, एक छोटा पंखा आणि ऊब मोजणारा सेन्सर बसवला, दारावर उबेचा आकडा दाखवणारा एक लहानसा पडदा लावला आणि उबवणीची पेटी केली. ऊब साडेसदतीस अंशांच्या खाली गेली की यंत्राने बल्ब लावायचा, तेवढी झाली की विझवायचा. एकवीस दिवस न कंटाळता. बारा दिवस रोज एसटीने जाऊन-येऊन तिने हे केलं, आणि केंद्राने पेटीसकट तिचा फोटो काढून भिंतीवर लावला.

आता त्या वर्गातली एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच निघालं. वर्ग घ्यायच्या नसीमा मुल्ला नावाच्या मॅडम. शिकवायच्या छान, पण पंचवीस दिवसांचं शिकवणं त्यांना बारा दिवसांत बसवायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, की ह्यांना व्हेरिएबलचं डिक्लेरेशन म्हणतात, तूर्त अशाच उतरून घ्या, का ते मागाहून सांगते. ते मागाहून काही आलंच नाही. बायकांनी ओळी उतरून घेतल्या. शालननेही घेतल्या, आणि त्यांचा अर्थ तिने आपला आपणच लावला.

आपल्याकडे वाणसामानाची यादी करायची झाली तरी कागदावर वर आधी "श्री" लिहितात. तो का लिहायचा असं कोणी विचारत नाही. त्याने साखर जास्त येत नाही की कमीही येत नाही. पण वर श्री नसला तर कागद उघडाबोडका वाटतो. शालनने ठरवलं, की ह्या दोन ओळी म्हणजे यंत्राचा श्री. एकदा घाईत तिने त्या गाळून पाहिल्या, तर यंत्राने सगळा प्रोग्रॅमच लाल अक्षरांत परत पाठवला. तिला वाटलं, हे आपल्यापेक्षाही जास्त रीत पाळणारं दिसतंय. तेव्हापासून ती त्या ओळी मनोभावे लिहायची. पहिल्या ओळीत "इंट" असा शब्द, पुढे किती ऊब हवी त्याचं नाव "हवी", आणि त्यापुढे साडेसदतीसचा आकडा. दुसऱ्या ओळीत पुन्हा "इंट", आणि सेन्सरने मोजलेल्या उबेचं नाव "ऊब". नावं तिची स्वतःची होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. इंट मात्र मॅडमच्या फळ्यावरचं होतं.

झिमाबाईने पहिली तीस अंडी दिली. शालनने प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला फुली काढली, दुसऱ्या अंगाला गोल, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ ती ठरल्या वेळी उलटवली. ओलाव्यासाठी वाटीत पाणी ठेवलं. पडद्यावर सदा सदतीस दिसायचे. अर्धा दिसायचा नाही. पडदा लहान आहे, अर्ध्याला जागा पुरत नसेल, अशी तिने समजूत घातली. दिसतंय तेवढं बरोबर आहे असं म्हणायला माणसाला कारण लागतंच असं नाही.

एकविसाव्या दिवशी झिमाबाई पिलांसाठी बाजरीची कणी पदरात बांधून टेकडी उतरून आली. पेटीत काहीच हललं नाही. बाविसाव्या दिवशीही नाही. तेविसाव्या दिवशी तीन अंडी फुटली. पिलं ओलीगच्च, पायांवर उभी राहीनात, बेंबी नीट मिटलेली नाही. दोन संध्याकाळपर्यंत गेली, तिसरं दोन दिवस जगलं. उरलेली अंडी शालनने फोडून पाहिली, तेव्हा बहुतेकांत पूर्ण वाढलेलं पिलू होतं, कवच फोडायला ताकद न उरलेलं. तिने ती सगळी परसात पुरली. झिमाबाईने शिव्या दिल्या असत्या तर शालनला बरं वाटलं असतं. म्हातारी नुसती उठली. कणी परत पदरात बांधून टेकडी चढून गेली.

शालन रडली, आणि मग चिडली. चिडली की ती कामाला लागते. तिने पेटीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. बल्ब बदलला. पंखा जरा वर सरकवला. तालुक्याला जाऊन सेन्सर नवा आणला. तारा सोडवून पुन्हा जोडल्या. इतकं सगळं केलं, पण वरच्या त्या दोन ओळींकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. श्रीमध्ये कुठे चूक असते का? हट्ट दांडगा होता, पण त्याचं तोंड भलतीकडे होतं.

अशातच बातमी आली, की झिमाबाईचा कोंबडा कोल्ह्याने नेला. दिवसाढवळ्या, कुंपणातून.

आता जात टिकायची तर एकच वाट राहिली होती. कोंबडा गेला तरी पुढचे काही दिवस तलंगांच्या अंड्यांत जीव धरतो, हे झिमाबाईला ठाऊक होतं. तिने आठवडाभर एकूण एक अंडं गोळा केलं आणि मडक्यात बाजरीच्या दाण्यांत गार जागी ठेवलं. बावीस अंडी झाली. त्यानंतरची अंडी नुसती खायच्या कामाची. आणि ही बावीसही फार दिवस ठेवून चालणार नव्हती. चार दिवसांत उबेला लागली नाहीत तर आतला जीव विझला असता. म्हणजे बावीस अंडी, चार दिवस, आणि एकदा तोंडघशी पडलेली शालन.

बावीस अंडी झाल्याचं कळलं त्याच दुपारी शालन टेकडी चढून गेली. झिमाबाईला ती नात्याने कोणी नव्हती, पण सगळं गाव म्हातारीला आत्ती म्हणे, तशी तीही म्हणायची. तिने पेटीत काय काय बदललं ते सांगितलं आणि अंडी मागितली. झिमाबाई उंबऱ्यावर बसून चिंचा फोडत होती. तिने हात थांबवला नाही.

"बल्ब बदललास, फटी बुजवल्यास, समदं बाहेरचं झालं," ती म्हणाली. "त्या यंत्राला तू काय काय सांगितलंयास, त्ये मला सांग. शेवटची अंडी हायती. मला कळल्याबिगर द्यायची न्हाय."

मागणी रास्त होती. शालनने पिशवीतून वही काढली. प्रोग्रॅम वहीत हाताने उतरवलेला होता. झिमाबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने एक युक्ती केली. ढिगातले चिंचोके तिने मांडीवर घेतले आणि सांगितलं, की एकेका ओळीचं काम सांग, मला पटलं की मी तिच्यावर चिंचोका ठेवीन.

शालनने वरच्या दोन ओळींच्या खालून सुरुवात केली, कारण खालचं तिला चांगलं कळलं होतं. ही ओळ सेन्सरला विचारते, आत किती ऊब आहे. चिंचोका. ही ओळ त्या उबेची हव्या त्या उबेशी तुलना करते. चिंचोका. कमी असेल तर ही बल्ब लावते. पुरेशी असेल तर ही विझवते. ही दोन क्षण थांबायला सांगते, आणि ही म्हणते की पुन्हा पहिल्यापासून कर. झिमाबाई मधूनच थांबवून विचारायची, की पुन्हा म्हणजे किती वेळा, आणि शालन सांगायची, की वीज आहे तोवर. चिंचोक्यांची रांग खाली सरकत गेली. वही भरत आली तशी शालनच्या आवाजात जोर आला. मग म्हातारीचं बोट सगळ्यांत वर जाऊन थांबलं.

"ह्या वरच्या दोन वळी मोकळ्या ऱ्हायल्या."

"त्या तशाच लिवायच्या असत्यात, आत्ती."

"कशापायी?"

 शालनला काहीतरी सांगता आलं असतं. म्हातारीला कुठे कळणार होतं? यंत्राला जागं करायच्या ओळी आहेत म्हटलं असतं, तर दोन चिंचोके पडले असते आणि बावीस अंडी पिशवीत आली असती. हा विचार तिच्या मनात आला, हे तिने पुढे स्वतःच सगळ्यांना सांगितलं. पण परसात पुरलेली अंडीही तिला त्याच क्षणी आठवली.

"म्हाईत न्हाय," ती म्हणाली.

झिमाबाईने वहीवरचे चिंचोके गोळा करून परत ढिगात टाकले. "कळलं की ये," ती म्हणाली. "दाराला कडी न्हाय."

घरी येऊन शालनने नवऱ्याला, भानुदासला, झाला प्रकार सांगितला. भानुदास सरळ माणूस. तो म्हणाला, की एवढं डोकं कशाला शिणवतेस, मोबाईलवर तयार प्रोग्रॅम मिळतात, चार लोकांनी वापरलेला एखादा घे आणि टाक. सल्ला काही वाईट नव्हता. कदाचित त्याने कामही झालं असतं. पण शालनने मान हलवली.

"त्याच्याबी वरच्या वळी मला कळायच्या न्हाईत," ती म्हणाली. "आणि आत्तीला मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती तालुक्याला गेली. मुल्ला मॅडमचा नवा वर्ग भरलेला होता. पंधरा-वीस पोरी, बहुतेक कॉलेजात जाणाऱ्या, आणि त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर पेटीशेजारी उभ्या असलेल्या शालनचा हसरा फोटो. मॅडमनी तिला पाहिलं आणि कौतुकाने पुढे बोलावलं. पोरींना म्हणाल्या, की ह्याच त्या शालनताई, ह्यांना काहीही विचारा.

 गुपचूप मागे बसावं आणि वर्ग सुटल्यावर मॅडमना एकटीला गाठावं, असं शालनला फार वाटलं. पण एसटीत तिने हिशेब केला होता. हातात तीनच दिवस होते, आणि त्यांतली दुपार लाजण्यात घालवणं तिला परवडणारं नव्हतं. ती फोटोकडे पाठ करून उभी राहिली.

"पिलं मेली," ती म्हणाली. "तीसच्या तीस. आणि मला ह्या वरच्या दोन वळी कळलेल्या न्हाईत. पहिल्या दिवसापासनं कळलेल्या न्हाईत. मी नुसत्या लिवत आले."

एक-दोन पोरी हसल्या. मग पुढच्या बाकावरची एक पोर खाली बघत म्हणाली, की मलापण नाही कळल्या. तिच्यामागून आणखी चौघी-पाचजणी बोलल्या.  मागाहून सांगते म्हटलेलं आपल्याकडूनच राहून गेलं, हे मॅडमच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी फळा पुसला आणि त्या दोन ओळी पुन्हा लिहिल्या.

त्या म्हणाल्या, की ह्या ओळी हुकूम नाहीत, ह्या आधीच करून ठेवलेल्या बोली, म्हणजे ठराव, आहेत. ऊब हा शब्द यंत्राला ठाऊक नसतो. आपण त्याला सांगतो, की ह्या नावाने मी एक वस्तू ठेवणार आहे, तिला जागा करून दे. आणि वस्तू कोणत्या प्रकारची आहे तेही सांगतो, म्हणजे जागा त्या मापाची होते. बोली केली नाही तर यंत्राला ते नाव परकं वाटतं, म्हणून ते लाल अक्षरांत भांडतं. इंट म्हटलं की जागा पूर्ण आकड्याची. छत्तीस, सदतीस, अडतीस. मधलं काही तिच्यात राहत नाही.

"मग मी साडेसदतीस ठेवलं तर?" शालनने विचारलं.

"सदतीस राहतं. अर्धा गळून जातो."

"आणि यंत्र काहीच बोलत न्हाय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पूर्णाची बोली तुम्हीच केलीत. ते कशाला बोलेल?"

शालनला उभ्याउभ्या कोंबड्या झाकायचं डालगं दिसलं. डालगं विणायला बसताना आधी ठरवावं लागतं, आत कोंबडी ठेवायची की पिलं. कोंबडीसाठी मोठ्या भोकांचं विणलं आणि त्यात पिलू सोडलं, तर ते भोकातून निसटून जातं. डालगं ओरडत नाही. त्याचा काही दोष नसतो. विणणाऱ्याने आत काय राहणार ते आधी ठरवलेलं नसतं. तिचा अर्धा अंश असाच निसटला होता, रोज, दर दोन क्षणांनी, एकवीस दिवस. पडदा लहान नव्हता. अर्धा आत नव्हताच, तर पडदा दाखवणार कुठून? पोरींच्या देखत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते लपवलं नाही.

मग तिने उपाय विचारला. अर्धा-पाव सांभाळणारी जागा हवी असेल तर इंटऐवजी फ्लोट म्हणायचं, असं मॅडमनी सांगितलं आणि तिची वही पुढे ओढून त्या ओळी दुरुस्त करायला निघाल्या. शालनने वही मागे घेतली. स्वतःच्या हाताने दोन्ही ठिकाणचं इंट खोडलं आणि फ्लोट लिहिलं. मग थोडा विचार करून खाली तिसरी ओळ वाढवली. पेटीला कितवा दिवस चालू आहे हे पडद्यावर दिसावं, म्हणून तिने "दिवस" असं नाव ठेवलं, त्याची सुरुवात एकपासून केली, आणि त्याच्यासाठी मात्र इंटच लिहिलं. मॅडमनी विचारलं, इथे इंट का. ती म्हणाली, की कितवा दिवस विचारला तर कोणी साडेतिसरा म्हणत नाही. मॅडम हसल्या आणि पोरींना म्हणाल्या, की ह्यांना खरंच काहीही विचारा.

घरी येऊन तिने नवा प्रोग्रॅम यंत्रात भरला आणि दिवसभर पेटी रिकामीच चालवून पाहिली. पडद्यावर पहिल्यांदा टिंब दिसलं. टिंबाच्या पुढे कधी चार, कधी पाच, कधी सहा. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईकडून तिने ताप मोजायचा थर्मामीटर आणून आत ठेवला. तोही साडेसदतीसच म्हणाला. एवढं झाल्यावर ती टेकडी चढली.

झिमाबाईने ह्या वेळी चिंचोके आणले नाहीत. ती नुसती ऐकत बसली. शालनने तिला आधी वरच्या ओळी सांगितल्या. आत काय राहणार ते आधी सांगावं लागतं, मी पूर्णाचं सांगितलं होतं आणि ठेवायला गेले अर्धा, ह्या अर्ध्यापायी पिलांना ऊब कमी पडली, चूक माझी होती. म्हातारीने एकच विचारलं, की अर्ध्यानं एवढं होतं का. शालन म्हणाली, अंड्यातल्या जिवाला होतं. झिमाबाईला हे पटायला वेळ लागला नाही. तिने कोंबडीच्या पोटाखाली हात घालून उभा जन्म काढला होता. ती आत गेली आणि मडकं घेऊन आली. ते तिने शालनच्या हातात दिलं नाही. स्वतःच छातीशी धरून टेकडी उतरली.

एकवीस दिवस शालनने गावकीतलं लग्न टाळलं, माहेरची जत्रा टाळली आणि पेटीपासून हाकेच्या पलीकडे गेली नाही. आठव्या दिवशी अंडी उजेडापुढे धरून पाहिली. तीन अंड्यांत काही धरलं नव्हतं, ती बाजूला काढली. एकोणिसांत लाल शिरा पसरल्या होत्या. गावातल्या बायका जाता-येता डोकावायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या, कारण मागच्या खेपेला त्यांनी फार बोलून घेतलं होतं. अठराव्या दिवसापासून अंडी उलटवायची थांबवली. विसाव्या दिवशी दुपारी झिमाबाईने दार किलकिलं करून कान लावला, आणि शालनला हाताने जवळ बोलावलं. कवचाच्या आतून बारीक चिवचिव येत होती.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत सोळा पिलं बाहेर आली. ओली होती ती पंख्याच्या वाऱ्यावर वाळली, फुगली आणि एकमेकांच्या अंगावरून चालायला लागली. पाय काळे. झिमाबाईने एकेक उचलून त्याचा पाय बघितला, बेंबी बघितली, आणि सोळावं ठेवल्यावर ती भिंतीला टेकून रडली. कोंबडा गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. शालनही रडली. 

पण म्हातारीने डोळे पुसले आणि म्हणाली, की ह्यांत नर एकबी नसंल तर समदं वायाच. एवढ्याशा पिलात नर कोणता आणि मादी कोणती, हे काही सांगता येत नाही. ते कळायला वाढू द्यावं लागतं. म्हणून पुन्हा वाट पाहणं आलं. त्या दिवसांत एक पिलू घारीने नेलं. पंधरा राहिली.

तीन महिन्यांनी शालनच्या ओसरीत पाच बायका वह्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनाही पेटी करायची होती. दोन दिवस झाले तरी शालन पहिल्या ओळीच्या पुढे सरकत नव्हती. ह्या नावानं काय ठेवणार, त्याचा प्रकार कोणता, सुरुवात कितीपासून, हे ती एकेकीला विचारायची. सांगता आलं नाही तर पुन्हा सांगायची आणि पुन्हा विचारायची. बायका कंटाळल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, की ताई, ही वळ लिवून टाकतो आन म्होरं जाऊ, कळंल मागनं. शालनने नाही म्हटलं. इथंच बसू, ती म्हणाली. चार दिवस लागले तर चार दिवस.

तेवढ्यात परसातून आवाज आला. चिरका, अर्धवट, मध्येच तुटलेला. मग एकदा नीट श्वास घेऊन पुन्हा आला, आणि ह्या वेळी पुरा आला. सव्वा वर्षात त्या गावात कोंबडा आरवला नव्हता.

बायका वह्या टाकून परसात धावल्या. पलीकडच्या आळीतून माणसं बाहेर आली. कोणीतरी झिमाबाईला सांगायला टेकडीकडे पळालं. शालन ओसरीतच बसून राहिली.  तिने पदराने डोळे पुसले, चष्मा पुसून पुन्हा लावला, आणि बायका परत येईपर्यंत थांबली. मग पाचही जणींच्या वह्या पुढे घेऊन पहिली ओळ पहिल्यापासून सांगायला लागली.

तात्पर्य: जे कळलं नाही त्याला नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नये, "मला कळलं नाही" असं म्हणून तिथेच ठाण मांडावं, कारण काय सांभाळायचं आहे हे ज्याने आधी नीट ठरवलं, त्याच्याच हातून ते सांभाळलं जातं.